शिर्क्यांची पितळेची दांडी

लॅबमध्ये धूळ साचू नये म्हणून आम्ही दारात चपला काढतो, डोक्याला टोपी घालतो, आत साधी फुंकर मारायलाही बंदी. तरी किस्से साचतातच! त्यांना कुठला फिल्टर अडवणार? आता मार्चअखेर पंड्यासर रिटायर होतायत, त्यांच्याबरोबर लॅबही बंद. मी कपाटं रिकामी करतोय आणि प्रत्येक खणातून एकेक किस्सा बाहेर पडतोय. त्यातले हसण्यासारखे थोडेच आहेत. बाकीचे नुसते ऐकून घ्या.

आधी माणसं सांगतो, फार नाहीत. मी मोरे, टेक्निकल असिस्टंट. पणजोबा बडोदे सरकारच्या पलटणीत होते, मी नायट्रोजनच्या पलटणीत. पोरं मला काका म्हणतात. तोंड माझं फटकळ आहे, ते मला ठाऊक आहे, कोणी सांगायची गरज नाही. पंड्यासर आमचे प्रोफेसर. गुजराती, पण लहानपण वाडीतल्या मराठी पोरांत गेलं, त्यामुळे मराठी माझ्याहून शुद्ध, आणि चिडले की गुजराती. हार्दिक हा धाकटा विद्यार्थी. आणि थोरली नेहा शिर्के. तसे हे सगळे किस्से तिचेच म्हणा ना. जानेवारीअखेर तिचं पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन संपत होतं. मुदतवाढ एकदा मिळालेली, दुसऱ्यांदा कोणी देत नाही. तोवर थिसिस गेला तर डॉक्टर नेहा शिर्के, नाही तर सहा वर्षं पाण्यात.

काम काय, तर प्रकाशाचा कण पकडायचा. एक! तांब्याच्या ऑक्साइडचा पातळ थर, त्यातून कोरलेली तार. केसापुढे ती म्हणजे दोरखंडापुढे कोळ्याचा धागा. द्रव नायट्रोजननं गारठवली की तिच्यातून वीज बिनअडथळा वाहते. त्या वेळी लेसरच्या मंद प्रकाशाचा एक कण तिच्यावर पडला, की ती क्षणभर बिघडते आणि आमच्या स्पीकरमधून आवाज येतो, टक्. झालं, एवढंच.

घोळ असा, की ही तार आमच्या शेजारच्या आजोबांसारखी आहे. हाक मारली की आजोबा दचकतात, आणि नाही मारली तरी दचकतात! तारेला जराशी ऊब लागली, की मिट्ट अंधारातही ती टक् करते. म्हणून नुसतं टक् ऐकून काही कळत नाही. झाकण उघडून मोजायचं, झाकण लावून मोजायचं. उघड्यात जास्त आले, तर वरचे ते प्रकाशाचे. नेहाचा अख्खा थिसिस ह्या फरकावर उभा होता.

* * *

नायट्रोजन वाघोडियाहून यायचा. टेम्पोत मागे कॅन, कॅनला मिठी मारून नेहा, आणि पुढे मी.

एकदा भर मे महिन्यात चौकात ट्रॅफिकवाल्यानं हात दाखवला. कॅनच्या तोंडातून पांढरा धूर निघत होता. "आमां शुं छे?"

"नायट्रोजन, साहेब," नेहा म्हणाली.

"सळगशे तो?"

"अहो, पेटत नाही तो. थंड असतो!"

त्याला पटेना. कागद बघितले, मग उलटे धरून बघितले. वरिष्ठांना फोन लावला, वरिष्ठ जेवत होते. आम्ही उन्हात उभे. अर्ध्या तासानं त्यानं कॅनचं बूच काढायला लावलं, वाकून टॉर्च मारला आणि माझ्याकडे असा बघायला लागला, जसा काही मी त्याला फसवलंय. "आ तो खाली छे!"

नायट्रोजन सगळा उडून गेला होता, कॅन रिकामा. नेहा म्हणाली, "मघाशी नव्हता, साहेब!"

त्या दिवशीचं माप गेलं. परत वाघोडियाला जायला टेम्पोवाला तयार नव्हता.

* * *

लॅबमध्ये मोबाइल आणायचा नाही, हा सरांचा नियम. फोन वाजला की तार बावचळते आणि टकटक सुरू होते. दाराबाहेर पत्र्याचा डबा ठेवलेला, त्यात सगळ्यांनी फोन टाकायचे.

प्रोजेक्ट पुढे चालवायचा की नाही ते ठरवायला दिल्लीहून समिती आली. सगळ्यांनी मुकाट फोन काढले. एका मोठ्या साहेबांनी एक फोन डब्यात टाकला आणि दुसरा खिशात ठेवला. मोठी माणसं, दोन फोन!

नेहा समजावून सांगत होती, आणि एकाएकी स्पीकर सुटला. टक्टक्टक्टक्! साहेब खूश. "वाह! ये तो दिवाली हो गयी!"

सर अदबीनं म्हणाले, "सर, ह्यात प्रकाश एकही नाही. आपल्या खिशात कोणाचा तरी फोन येतोय."

फोन त्यांच्या सुनेचा होता. समितीनं चहा घेतला, ढोकळा घेतला आणि रिपोर्टात लिहिलं की डिटेक्टर अतिशय संवेदनशील आहे. प्रोजेक्ट मात्र बंद करायला सांगितला. तेव्हापासून नेहाच्या मागे घड्याळ लागलं.

* * *

आमच्याकडे एक वही आहे, गेलेल्यांची. ह्या फिल्मना, म्हणजे त्या पातळ थरांना, दमट हवा सोसत नाही. पावसाळ्यात तर बघायला नको, सकाळी ठणठणीत असलेली संध्याकाळी गेलेली. प्रत्येकीचा नंबर आणि मरणाचं कारण मी त्या वहीत लिहितो. पाऊस. पाऊस. लाइट गेली. हार्दिक. पुन्हा पाऊस.

गेल्या वर्षी नेहानं चार महिने खपून एक फिल्म केली होती, सगळ्यांत चांगली. बसवताना चिमट्यातून निसटली आणि फरशीवर पडून दोन तुकडे. नेहा खाली बसून राहिली. मी वही उघडली आणि कारणापुढे लिहिलं, "चिमटा".

ती उठली, माझ्या हातातलं पेन घेतलं, चिमटा खोडला आणि लिहिलं, "मी".

"अगं, चिमटाच ढिला झालाय! मीच सांगतोय ना!"

"काका, चिमट्याला पीएच.डी. करायची नाहीये."

असली पोरगी. अशा माणसांचं जगात फार अवघड असतं, हे मी घरी बायकोला बोललोसुद्धा.

* * *

आता दांडीचं सांगतो.

झाकण आत, खोल थंडीत असतं. ते वरून उघडायला हातभर लांब दांडी लागते. दाबली की झाकण उघडतं, वर ओढली की बंद होतं. नेहाचे वडील, शिर्के, गोरव्यात एका शेडमध्ये लेथ चालवतात. मशीन एक, माणूस एक. ते म्हणाले, दांडी मी करणार, दुसऱ्या कोणाकडे द्यायची नाही.

ड्रॉइंगवर स्टील लिहिलं होतं. शिर्क्यांनी मऊ धोतरात गुंडाळून आणली ती पितळेची. अशी घासलेली, की तोंड बघावं! मी म्हटलं, "वा शिर्के, सोन्याची केलीत की!"

"स्टीलची काय, कोणीही करून देतं, मोरेसाहेब. पोरीच्या कामाची आहे."

तपासायचं काम माझं होतं. मी लांबी मोजली, जाडी मोजली, आणि ड्रॉइंगवर "ओके" लिहून सही ठोकली.

मोजायची आमची पद्धतही सांगून ठेवतो. काळा पडदा. एका बाजूला दांडी धरून मी, दुसऱ्या बाजूला नेहा आणि स्पीकर. माझ्यापुढे स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, निम्म्या "उघडं", निम्म्या "बंद". चिठ्ठी निघेल तसं मी करायचं आणि माझ्या डायरीत लिहायचं. नेहानं नुसते टक् मोजायचे. झाकण कसं आहे ते तिनं विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. संध्याकाळी दोन्ही डायऱ्या शेजारी ठेवायच्या. सर म्हणायचे, "माणसाला जे हवं असतं, ते त्याला ऐकू येतं. म्हणून पडदा."

डिसेंबरात डायऱ्या जुळायला लागल्या. उघड्यात जास्त, बंदमध्ये कमी. रोज! सरांनी स्वतः जाऊन सगळ्यांसाठी सेवउसळ आणली. पेपर लिहिला, तो छापायला मंजूरही झाला. शिर्क्यांनी गोरव्यातल्या शेडशेडमध्ये पेढे वाटले. "पोरीनं उजेड पकडला! दांडी माझी!" असं सांगत फिरले ते.

* * *

उत्तरायणात, म्हणजे आपल्या संक्रांतीला, अख्खं बडोदं पतंग उडवायला गच्चीवर असतं. आमच्या डिपार्टमेंटमध्ये चिटपाखरू नव्हतं. पण नेहाला शेवटच्या प्रकरणासाठी आणखी दोन दिवसांची मापं हवी होती, तेव्हा ती आणि मी आलो. बाहेर "काय पो छे!"चा गलका, आत आम्ही दोघं, पडदा आणि टक् टक्. इतकी सुंदर मापं आधी कधी आली नव्हती.

सुट्टी संपवून हार्दिक आला. मांज्यानं दहाही बोटं कापलेली, पट्ट्या लावलेल्या. नेहानं त्याला ग्राफ दाखवला. तो बघत राहिला. मग हळूच खिशात हात घातला.

"नेहाबेन, लेसर कोणी चालू केला?"

"चालूच असतो ना? रोज तूच करतोस की."

"रोज मी करतो. पण मी तर दोन दिवस गच्चीवर होतो." त्यानं खिशातून चावी काढून टेबलावर ठेवली. "अने चावी आ रही!"

लेसर चावीशिवाय लागत नाही. तारेवर पाठवायचा प्रकाश इतका मंद, की डोळ्यांना दिसतच नाही, म्हणून कोणी बघायलाही जात नाही. दोन दिवस आम्ही ज्या प्रकाशाचे कण मोजले, तो प्रकाश नव्हताच. चावी पतंगाबरोबर गच्चीवर होती.

"काका," हार्दिक म्हणाला, "मोटो लोचो थई गयो."

* * *

हार्दिक म्हणाला, हे दोन दिवस गाळून टाकू. मी त्याच्यापेक्षा वाईट बोललो, तेही सांगून टाकतो. मी म्हटलं, "पोरी, पानं फाड आणि थिसिस देऊन टाक. कोण बघायला येतंय? दोन आठवडे राहिलेत तुझ्याकडे!" तिच्याच भल्यासाठी बोललो.

नेहानं आवाज चढवला नाही. "काका, ह्या दोन दिवसांत आपण जे मोजलं, तेच डिसेंबरात मोजलं नसेल कशावरून?"

तिनं दोन्ही डायऱ्या उचलल्या. ती सरांच्या केबिनमध्ये गेली.

सर रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी स्वतः येऊन तारेखालच्या पट्टीला थर्मामीटर लावला आणि मला म्हणाले, "काका, दांडी दाबा." दाबली. आकडा जरासा चढला, आणि टकटक वाढली. "वर ओढा." ओढली, उतरला. "दाबा." चढला. असं सहा वेळा करायला लावलं. मग दांडी बाहेर काढायला सांगितली आणि नखानं खरवडून बघितली.

"पित्तळ," सर म्हणाले.

स्टीलमधून ऊब फारशी उतरत नाही, म्हणून तर ड्रॉइंगवर स्टील लिहिलं होतं. पितळ वरची ऊब सरळ खाली नेतं. झाकण उघडलं की दांडीचं टोक पट्टीला टेकायचं, खोलीतली ऊब तारेपर्यंत पोचायची, आणि तार दचकायची. महिनाभर आम्ही खोलीची ऊब मोजली आणि तिला प्रकाश म्हणालो!

मी म्हटलं, "सर, सही माझी आहे. चूक माझी." सर म्हणाले, "थर्मामीटर आधी लावायला हवा होता. तो मी नाही लावला." मग त्यांनी तिथल्या तिथे तीन ओळींचं पत्र टाइप केलं आणि पेपर मागे घेतला.

नेहा एवढंच बोलली, "बाबांना सांगू नका. पितळेचं सांगू नका."

* * *

सर मुदतवाढीचा फॉर्म घेऊन स्वतः ऑफिसात गेले. मी बरोबर होतो. फॉर्मवर कारणाचा रकाना. आजारपण, बाळंतपण, इतर. सरांनी "इतर"पुढे खूण केली आणि लिहिलं, "मिळालेला निष्कर्ष चुकीचा होता, हे विद्यार्थिनीने स्वतः शोधून काढले."

क्लार्कनं वाचलं, चष्मा काढला, पुन्हा वाचलं. माणूस भला होता. "साहेब, असं कोणी लिहितं का? टायफॉइड लिहा ना! टायफॉइडला लगेच मिळते."

"तिला टायफॉइड नाही झाला."

"झाला असता तर बरं झालं असतं, साहेब!"

मी सरांची बाही ओढली. म्हटलं, लिहून टाका हो, टायफॉइडनं कोणाचं काय बिघडतंय? सर हलले नाहीत. अर्ज आहे तसा वर गेला आणि दोन दिवसांत नामंजूर होऊन खाली आला. जानेवारी संपला. एक तारखेला नेहा नेहमीच्या वेळेला आली, दारात चपला काढल्या, टोपी घातली, आणि मग तिला आठवलं की आता आपण इथल्या कोणी नाही. तरी दिवसभर बसली आणि सगळे स्क्रू डब्यांत लावून ठेवले.

* * *

फेब्रुवारीत हार्दिक एक नट करून घ्यायला गोरव्याला गेला. शिर्क्यांनी सहज विचारलं, पितळ आणि स्टील, तुमच्या कामात फरक काय रे पडतो? हार्दिक सरळ पोरगा. विचारलं की शिकवायला लागतो. खडू घेऊन शेडच्या भिंतीवर चित्र काढलं, ऊब वरून खाली कशी येते त्याचे बाण दाखवले. चित्र पूर्ण झालं, तेव्हा त्यानं शिर्क्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि आपण काय करून बसलो ते त्याला कळलं. परत येऊन माझ्यापुढे रडला. मी त्याला नाही नाही ते बोललो, आणि मग चहा पाजला.

चौथ्या दिवशी दुपारी शिर्के लॅबच्या दारात. कोणी न सांगता त्यांनी चपला काढल्या, टोपी घातली. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली दांडी होती. स्टीलची.

"ड्रॉइंगप्रमाणे आहे, मोरेसाहेब. तपासून घ्या."

मी तपासली. ह्या वेळी सगळं तपासलं. नेहा अजून आवराआवरीला येत होती; ती कोपऱ्यात उभी होती, बापाकडे बघत नव्हती.

शिर्के सरांना म्हणाले, "साहेब, डिग्रीचं मला कळलंय. ती गेली, त्याचं आता काही होत नाही. पण माझ्या दांडीनं पोरीला खोटं मोजायला लावलं. एकदा ह्या दांडीनं खरं मोजा. एकच येऊ दे, चालेल. मला माझ्या कानांनी ऐकायचाय. मग मी जातो."

सरांनी कॅन हलवून बघितला. तार जुनी झाली होती, अर्धमेली. ते सरांना माहीत होतं, मला माहीत होतं, नेहाला तर होतंच. नायट्रोजन कॅनच्या तळाशी थोडासा उरला होता. "लावा काका," सर म्हणाले.

हार्दिकनं चावी फिरवली, लेसर लागला. पडदा त्या दिवशी लावला नाही, शिर्क्यांना दिसावं म्हणून. ते स्पीकरशेजारी स्टुलावर बसले, हात मांडीवर, पूजेला बसल्यासारखे. नेहा मोजायला बसली. मी दांडी धरली. हार्दिकनं डब्यातून चिठ्ठी काढली. "उघडं."

मी दांडी दाबली. अर्धा तास. स्पीकर गप्प. नवी दांडी चोख होती, उबेचा लवलेश खाली जात नव्हता, आणि तारेत प्रकाश पकडायचा जीव उरला नव्हता.

दुसरी चिठ्ठी. "उघडं." पुन्हा अर्धा तास. शिर्के श्वास घेतानासुद्धा आवाज होऊ देत नव्हते. काही नाही.

कॅनमधून आता धूरही येईना. शेवटची चिठ्ठी काढायची वेळ आली. "बंद," हार्दिक पुटपुटला, आणि मी दांडी वर ओढली. नेहानं बघितलं. सरांनी बघितलं. शिर्क्यांचा कान मात्र स्पीकरलाच लागला होता. झाकण लागल्याचा बारीकसा आवाज आला. तार आता गरम व्हायला लागली होती.

टक्.

शिर्के स्टुलावरून अर्धे उठले. "आला?"

नेहानं माझ्या हातातल्या दांडीकडे पाहिलं. मग बापाकडे पाहिलं.

"आला, बाबा."

सरांनी हात लांब केला आणि स्पीकर बंद केला.